शेवटचा रकाना

लायब्ररी म्हटलं की लोकांना पुस्तकं आठवतात. माझी लायब्ररी तसली नव्हती, हे मी इतक्या जणांना समजावलं आहे की आता तोंड दुखतं. आईला सांगितलं, "अगं, मसाल्याचा डबा असतो ना, तसं. प्रोग्राम लिहिणाऱ्याने दर वेळी धणे-जिरे भाजत बसायचं नाही. माझा डबा उघडायचा आणि वापरायचा." आई म्हणाली, "आणि तुला काय मिळतं?" म्हटलं, "काही नाही. ओपन सोर्स आहे. कुणीही घ्यावं, आत डोकावून बघावं, चूक दिसली तर सांगावं." आईने फोनवर टाकलेला उसासा सांगलीहून चेन्नईला विनाफोन पोचला असता.

माझ्या डब्यात तिथी होती. तारीख आणि गाव द्या, त्या दिवसाची तिथी घ्या. उलटंही चालायचं: तिथी द्या, ती यंदा कोणत्या तारखेला येते ते घ्या. चंद्रसूर्याचं गणित मी दोन वर्षं शनिवार-रविवारी बसून लिहिलं. नऊ वर्षं मी नोकरीत कोड लिहीत होते आणि त्यातली एक ओळही माझी नव्हती, सगळी ग्राहकाची. ही पहिली गोष्ट माझी होती. तिच्यावर माझा जीव होता, आणि हे मी कबूल करते की तो जरा जास्तच होता.

राहायला मी अण्णा नगरला, वरच्या मजल्यावर. ऑफिस आधी जवळ होतं, मग ते शोळिंगनल्लूरला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, गेलं आणि मी तिथेच राहिले, कारण खालच्या मजल्यावर मामा होते. मामा म्हणजे घरमालक. नात्याने कुणी नव्हेत, इथे वयस्कर माणसाला मामाच म्हणतात. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, तंजावरकडचे मराठी. त्यांच्या पूर्वजांनी दक्षिणेत येताना जी मराठी आणली तीच ते अजून बोलत, मधेमधे तमिळ मिसळून. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "जेवण झालें की गे?" आणि मी परक्या गावात जिन्यावर उभी राहून रडले. मूलबाळ नाही. मामी जाऊन सहा वर्षं झालेली. हॉलमध्ये मामींचा फोटो, आणि शेजारच्या खिळ्याला पंचांग.

त्या पंचांगाचीच ही गोष्ट आहे.

गणित बरोबर आहे की नाही हे पाहायला मला जुनी पंचांगं हवी होती. मामांकडे ट्रंकभर होती, कारण ते काहीही टाकत नसत. पण ती तमिळमध्ये. सात वर्षं चेन्नईत राहून मला तमिळ वाचता येत नव्हतं. ऑटोवाल्याशी भांडण्यापुरतं बोलता यायचं, बसची पाटी मात्र मी आकड्यावरून ओळखायची. लाज वाटायला हवी होती, ती वाटायची नाही. तर असं ठरलं की संध्याकाळी मामा वाचणार आणि मी लॅपटॉपवर टिपून घेणार. पाऊसभर आम्ही ते केलं. मामा चष्मा कपाळावर चढवून, पान डोळ्यांशी धरून वाचायचे: तारीख, वार, सूर्योदयाची तिथी, ती किती वाजता संपते. माझी तिथी जुळली की मी "बरोबर!" म्हणायची आणि ते "सरी", म्हणजे ठीक, म्हणून पुढच्या ओळीवर जायचे. त्यांना त्यात मजा येत होती. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज होता, एवढंच असेल.

पहिल्याच संध्याकाळी, पहिल्याच ओळीच्या शेवटी, ते म्हणाले, "आणि शेवटले रकान्यांत आणिक एक तिथी आहे, तें पण…"

मी म्हटलं, "ते नको मामा. एवढं पुरे."

मला घाई होती. तिथी मिळाली होती, आणखी एक तिथी कशाला? त्यांनी परत कधी तो रकाना वाचला नाही.

गणित जुळलं, लायब्ररी जगासाठी खुली केली, आणि जगाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उपवर मुलीच्या बापाची काय गत होते ते मला तेव्हा कळलं. दिसेल त्याच्यापुढे मी तिचे गुण गाऊ लागले. प्रोग्रामर लोकांच्या मेळाव्यात जाऊन बोलले, अनोळखी लोकांना पत्रं लिहिली. कोण कोण ती वापरतं याचा आकडा तिच्या पानावर दिसतो. कंपनीच्या बसमध्ये तो आकडा दहादा बघायचा, हा माझा चाळा झाला. ऑफिसकडे जाणाऱ्या ओएमआर रस्त्यावर मेट्रोचं काम चालू आहे, दोन्ही बाजूंना पत्रे ठोकलेले, बस मधल्या बोळात अडकते ती अडकतेच. ना पुढे ना मागे, खिडकीबाहेर निळा पत्रा. अशा वेळी आकडा एकाने वाढलेला दिसला की मला दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटायचं.

मग माझ्या मॅनेजरला याचा सुगावा लागला. कंपनीला तेव्हा आपली माणसं ओपन सोर्स करतात हे जगाला दाखवायचं होतं. तिने माझ्या वर्षाच्या उद्दिष्टांत एक ओळ घातली: लायब्ररीचा वापर वाढवणे. मी खूश झाले. आपल्या हौसेच्या मानेला आपणच दोरी बांधून घेतली, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

थंडी सरताना मोठा मासा गळाला लागला. टी. नगरला, साड्यांच्या दुकानांच्या गर्दीत, एका तिसऱ्या मजल्यावर एक तरुण माणूस वाध्यार बुक करायचं ॲप चालवत होता. वाध्यार म्हणजे पुरोहित. दिवसम, म्हणजे वर्षश्राद्ध, त्याची तिथी ॲपमध्ये टाकायची. दर वर्षी कोणत्या तारखेला ते येतं हे ॲप कळवणार आणि त्या दिवशी वाध्यार घरी पाठवणार. तारखा काढायला त्याला माझ्या लायब्ररीसारखंच काही हवं होतं. त्याने एकच प्रश्न विचारला, "वाध्यारांच्या पंचांगाशी जुळेल ना?" मी छाती पुढे काढून म्हटलं, "छापील तमिळ पंचांगांशी ओळीनओळ ताडून पाहिलंय." हे खोटं नव्हतं. अर्धवट होतं, आणि ते मला माहीत नव्हतं.

चित्रै महिन्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, नवं पंचांग निघतं. मामा दर वर्षी ते आणायचे. यंदा मीच म्हटलं, "आता कशाला मामा? फोनमध्ये सगळं आहे." मी त्यांच्या फोनवर ते ॲप घालून दिलं, मामींची तिथी टाकली, पौष शुद्ध दशमी. ते म्हणाले, "फोनांत अस्के येतें तर कशाला पंचांगम. सरी." अस्के म्हणजे सगळं. खिळा रिकामा राहिला. मला त्याचाही अभिमान वाटला. त्यांच्या नेहमीच्या वाध्यारांनी म्हातारपणामुळे कोइंबतूरला मुलीकडे बिऱ्हाड हलवलं होतं, तेव्हा सोयच झाली, असं मी म्हणाले. ते आता जसंच्या तसं आठवतं.

मामांचं देवाधर्माचं फार नव्हतं. देवळात ते प्रदक्षिणेपेक्षा गप्पा जास्त मारत. पण हा एक दिवस त्यांना जपायचा असे. एकदा जिन्यात उभं राहून त्यांनी मला सांगितलं होतं, "ती वर्षांत एक दिवस येते गे. दुपारीं. जेवून जाते. बाकी वर्षभर मी एकला." ते हे अगदी साध्या आवाजात बोलले, बस किती वाजता येते ते सांगावं तसं. मी मान हलवली. माझा विश्वास नव्हता, पण त्यांचा होता, आणि माझ्या लेखी तेवढं पुरेसं होतं.

यंदा ॲपने मंगळवार दाखवला. आदल्या दिवशी, सोमवारी, ॲपवाल्याने मला बोलावलं होतं. त्याला जाहिरातीसाठी एक छोटा व्हिडिओ हवा होता, ॲप वापरणारं वयस्कर माणूस. मी मामांना गळ घातली. दानासाठी नवी वेष्टी, म्हणजे धोतर, घ्यायचीच होती, एका फेरीत दोन्ही कामं होतील. बाराच्या सुमाराला आम्ही घराला कुलूप लावून ऑटोत बसलो. दिवसमच्या आदल्या दिवशीचा त्यांचा नेम कडक, बाहेरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. तिसऱ्या मजल्यावर भर दुपारी ते खुर्चीत ताठ बसले आणि फोन पुढे धरून तमिळमध्ये म्हणाले, की सगळं यात येतं, मला काहीच आठवावं लागत नाही. मी मोबाइलच्या मागे उभी राहून अंगठा दाखवत होते. परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

मंगळवारी वाध्यार आला, तरुण, घाईतला, त्या दिवशी आणखी घरं असलेला. फोनवर दशमी होती, त्याने संकल्पात दशमी म्हटली. मी घरूनच काम करत होते. खालून तीळ आणि तुपाचा वास येत होता. संध्याकाळी मामा भेटले तर चेहरा निवांत होता. "झालें बरें," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात सकाळी बस पत्र्यांमध्ये अडकली होती आणि मी सवयीने लायब्ररीचं पान उघडलं. एक तक्रार आली होती. कुंभकोणमच्या कुणीतरी, मोठ्या नम्रपणे, लिहिलं होतं: तुमची लायब्ररी श्राद्धाची तारीख सूर्योदयाच्या तिथीवरून काढते, हे चूक आहे. श्राद्धाला दुपारी, अपराह्णकाळी, जी तिथी असेल ती धरतात. सूर्योदयाला एक तिथी असते आणि सकाळीच ती संपून दुसरी लागते, अशा वेळी तुमची तारीख एक दिवस पुढे जाते. तमिळ पंचांगांत यासाठीच शेवटचा रकाना असतो, कृपया पाहावा. उदाहरणादाखल त्याने यंदाची पौष शुद्ध दशमी दिली होती. दशमी सोमवारी सकाळीच लागली होती आणि मंगळवारी सकाळी संपली होती. श्राद्ध सोमवारी. शेवटी त्याने लिहिलं होतं की ज्यांचं चुकलं असेल त्यांना येत्या अमावस्येला ते करता येतं, तेव्हा त्यांना लवकर कळवावं.

मी तिथल्या तिथे सोमवार दुपारचं गणित केलं, तीनदा केलं. तीनही वेळा दशमी. बसमधून उतरून पळत सुटावंसं वाटलं, पण उतरून जायचं कुठे? दोन्हीकडे पत्रा. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं. शेजारची मुलगी मान टाकून झोपली होती. मामांनी रकाना वाचायला घेतला होता आणि मीच त्यांना गप्प केलं होतं, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत राहिलं.

चूक दुरुस्त करायला एक दुपार लागली. कठीण भाग तो नव्हताच. ॲपवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "नवं घालतो. पण सांगायचं कुणाला नाही. ज्यांचं झालं ते समाधानाने बसलेत. सांगून त्यांचं समाधान घालवायचं का? आणि एकदा हे फुटलं तर एकही वाध्यार माझ्याकडे राहणार नाही." मॅनेजरला सांगितलं तर ती म्हणाली, "चूक हा शब्द नको. पुढच्या आठवड्यात वरच्या लोकांसमोर तुझं सादरीकरण आहे. नवी सोय असं लिही ना." आणि मी तसं लिहिलं. 'श्राद्धतिथीसाठी सुधारित सोय.' स्वतःच्या बोटांनी लिहिलं. उघडं ठेवायचं, चूक दिसली तर सांगायचं, असं आईला मोठ्या तोऱ्यात सांगणारी मीच ती.

अमावस्येला अकरा दिवस होते. मी मामांना टाळू लागले. सकाळी ते फिरून यायच्या आत निघायची, संध्याकाळी चपला हातात घेऊन जिना चढायची. स्वतःला रोज पटवायची की ॲपवाल्याचं बरोबर आहे, त्यांचा चेहरा निवांत आहे, तो मी का बिघडवू? आणि रोज त्याच्या पुढचं वाक्य यायचं, की अमावस्या गेली की मग सांगूनही उपयोग नाही, सुटशील. त्या सुटण्याची मला चक्क वाट पाहावीशी वाटू लागली. माझी मलाच किळस आली. सांगावं तर एक घर मोडतं, न सांगावं तर मी त्याच घरात चोरासारखी राहते. सादरीकरण झालं. टाळ्या पडल्या. पडद्यावर मामा ताठ बसून सांगत होते की मला काहीच आठवावं लागत नाही.

अमावस्येला दोन दिवस उरले असताना मामांनीच जिन्याखालून हाक मारली. "काय गे, दिसत नाहीस. ये, तुझे कामाचें आहे."

हॉलमध्ये गेले. त्यांनी वहीचं एक पान माझ्या हातात ठेवलं. तमिळमध्ये ओळी लिहिलेल्या, त्यांच्या बाकदार अक्षरात. मला वाचता येत नव्हतंच. त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. सकाळी पार्कात त्यांच्याबरोबर फिरणारे लोक. कुणाची बायको, कुणाचा नवरा, एकीचा मुलगा. समोर त्यांची तिथी.

"तूं सांगत होतीस नव्हें, लोक वापरीत नाहीत म्हणून. मी चित्रैपासून अस्क्यांना सांगिटलें. पंचांगम टाका म्हणून. अस्क्यांचे फोनांत घातलें." ते इतके खूश होते. "आणिक नऊ झाले गे तुला."

माझ्या लायब्ररीसाठी इतकी मेहनत माझ्याशिवाय कुणीच केली नव्हती. मी ते पान हातात धरून उभी राहिले आणि मला कळलं की आता इथून मागच्या पावली निघता येणार नाही.

"मामा, एक जुनं पंचांग काढता?" मी म्हटलं.

त्यांनी ट्रंकेतून काढलं. कोणत्या वर्षाचं ते महत्त्वाचं नव्हतं. मला हवा तसा दिवस मी लॅपटॉपवर शोधला, पान उघडून ओळीवर बोट ठेवलं. "हे वाचा. पहिली तिथी."

"नवमी. सकाळीं साडेनवापर्यंत."

"आणि शेवटच्या रकान्यात?"

ते वाचायला गेले आणि थांबले. चष्मा डोळ्यांवर घेतला. "दशमी," म्हणाले. मग हळूहळू, "हें दिवसमचे तिथीचें. मी सांगत होतों तेव्हां…"

"तुम्ही सांगत होतात. मी नको म्हटलं. माझ्या लायब्ररीत तो रकाना नव्हता. यंदा मामींची तिथी सोमवारी होती मामा. आपण मंगळवारी केली. मला कळून नऊ दिवस झाले. मी सांगितलं नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी त्याची तयारी करून आले होते. ते नुसते खिळ्याकडे पाहत बसले. स्वयंपाकघरात कुकर थंड होऊन त्याची शिट्टी खाली बसल्याचा बारीक आवाज आला.

"सोमवारीं दुपारीं आपण कुठें होतों?" त्यांनी विचारलं.

"टी. नगरला."

"घराला कुलूप होतें," मामा म्हणाले.

मला वाटत होतं की त्यांना तिथी चुकल्याचं वाईट वाटेल, विधी चुकल्याचं. तसं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे ती दारात उभी होती आणि आत कुणी नव्हतं. मी अमावस्येचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. पान परत माझ्याकडे सरकवलं. "यांना तूं सांग. फोनवर नको. जाऊन सांग."

दोन दिवसांत मी ती नऊ घरं फिरले. ज्या तोंडाने सगळ्यांना घ्या घ्या म्हणत होते त्याच तोंडाने आता टाका म्हणाले. कुणी पाणी दिलं, एका बाईने दार लावून घेतलं. चौघांचं यंदाचं व्हायचं होतं, तिघांची तारीख चुकलेली नव्हती. उरलेल्या दोघांचं मामांसारखंच झालं होतं. लायब्ररीच्या पानावर सगळ्यात वर मी साध्या शब्दांत लिहिलं की आधी काय चुकत होतं आणि ते कुणाला कळवायला हवं. ॲपवाल्याने दुसऱ्याच दिवशी लायब्ररी काढून टाकली. मॅनेजरने मला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. त्यानंतरही मी त्याच कंपनीत आहे, त्याच बसने जाते, उद्दिष्टांतली ती ओळही अजून तशीच आहे. आकडा मी बघत नाही.

अमावस्येला मामांनी ओळखीचा एक म्हातारा वाध्यार बोलावला. मी घरीच होते, पण खाली जायचा धीर झाला नाही. तीनच्या पुढे केव्हातरी वाध्यार गेल्याचं ऐकू आलं, तेव्हा उतरले. खालचं दार सताड उघडं होतं, ते वाऱ्याने लागू नये म्हणून त्याला वरवंटा टेकवून ठेवला होता. मामा आत जमिनीवर बसले होते, वाढलेल्या केळीच्या पानाशेजारी. रस्त्यावरून एक कुत्रं डोकावत होतं. मी सवयीने वरवंट्याला हात घातला.

"दार लावूं नको गे," मामा म्हणाले. "अजून दुपार आहे."